रेषेवर लिहिलेलं जातं कुठे?

या महिन्यात आलेल्या पत्रांत चार प्रश्न असे निघाले की जणू एकमेकांचे सख्खे भाऊ, आणि चारही नागपूर जिल्ह्यातले, म्हणून बाकीचे पुढच्या अंकावर टाकून हे चारच घेतोय. विषय हा की निओफोरजेसारख्या ग्राफ डेटाबेसमध्ये, म्हणजे ठिपके (नोड) आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा (रिलेशनशिप) अशा रूपात, जमवलेला डेटा एखादी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरून आरडीएफमध्ये, म्हणजे वेबवर दुसऱ्यांच्या डेटाला जोडता येईल अशा लिंक्ड डेटामध्ये, कसा न्यायचा. हे शब्द ज्यांना नवीन असतील त्यांनी पान उलटू नका, पहिलं उत्तर मुद्दाम सावकाश लिहिलंय.

प्रश्न : आम्ही सात-आठ जण मिळून नागपूर जिल्ह्यातल्या विहिरी, तलाव आणि नद्यांची माहिती गोळा करून राहिलो, तीन वर्षं झाली. सगळं निओफोरजेमध्ये आहे. विहीर एक नोड, गाव एक नोड, मोजणारा माणूस एक नोड, आणि माणसापासून विहिरीपर्यंत ‘मोजली’ नावाची रिलेशनशिप, तिच्यावर तारीख, पाणी जमिनीपासून किती मीटर खाली होतं ते, आणि टेपने मोजलं की दोरीने ते. आता पाण्यावर काम करणाऱ्या एका संशोधक मॅडमनी सांगितलं की हे लिंक्ड डेटा म्हणून द्या म्हणजे आमच्या डेटाला जोडता येईल. आमच्यातल्या एकाने पायथनमध्ये आरडीएफलिब ही लायब्ररी वापरून स्क्रिप्ट लिहिली, फाइल झाली, एरर एकही नाही. पण फाइलीत तारखा नाहीत, मीटर नाहीत, आणि ‘मोजली’च्या ओळी पण मूळ संख्येपेक्षा कमी भरून राहिल्या. काहून असं? डेटा गेला कुठे? — एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, निओफोरजेमधलं सगळं जागच्या जागी आहे, काही गेलेलं नाही. आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला पण बोलू नका, हा विषय हातात घेतला की पहिली ठेच इथेच लागते, अशा फाइली मी बऱ्याच पाहिल्यात.

गोष्ट अशी आहे. प्रॉपर्टी ग्राफमध्ये नोड असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा असतात, आणि त्यातली मोठी सोय ही की रेषेला पण स्वतःचा खिसा असतो. तुमच्या ‘मोजली’ या रेषेच्या खिशात तारीख आहे, मीटर आहे, टेप की दोरी ते आहे. आरडीएफमध्ये रेषेला खिसाच नाही. तिथे सगळं तीन भागांच्या वाक्यात सांगायचं असतं, कर्ता, क्रियापद, कर्म, आणि अशा एका वाक्याला ट्रिपल म्हणतात. ‘पेंच मिळते कन्हानला’ हे एक ट्रिपल, ‘कन्हान मिळते वैनगंगेला’ हे दुसरं. आता कन्हान वैनगंगेला अंभोऱ्याजवळ मिळते हे सांगायचं असेल तर ‘अंभोऱ्याजवळ’ कुठे बसवणार? वाक्यात तीनच खुर्च्या, तिन्ही भरलेल्या. तुमच्या स्क्रिप्टने तीन खुर्च्या भरल्या आणि खिशातलं सामान बाहेर राहिलं, एरर कशाची येणार, नियमाप्रमाणे सगळं बरोबरच झालं होतं.

ओळी कमी का भरल्या हे मात्र जास्त जपायचं आहे, कारण तारखा गेल्या तर निदान डोळ्याला दिसतं, ओळी गेल्या तर दिसत नाही. आरडीएफचा ग्राफ म्हणजे ट्रिपलचा संच, शाळेतल्या गणितात शिकलो तोच संच. एकच गोष्ट संचात दोनदा राहू शकत नाही. तुमच्या एखाद्या ताईंनी सतरा नंबरची विहीर मे महिन्यात मोजली आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये परत मोजली, तर निओफोरजेमध्ये दोन नोडमध्ये दोन वेगळ्या रेषा आहेत. खिसे काढून टाकले की दोन्हींचं वाक्य एकच उरतं, ‘ताईंनी मोजली विहीर सतरा’, आणि लायब्ररी ते एकदाच ठेवते. मी एकदा एका गावाच्या विहिरींच्या नोंदी अशाच बदलून देत होतो, एकूण आकडा काही केल्या जुळेना, अर्धी रात्र क्वेरी तपासत बसलो आणि शेवटी कळलं की जिथे एकाच माणसाने एकच विहीर दोनदा मोजली होती नेमका तिथेच आकडा तुटत होता. तेव्हापासून काहीही बदलायच्या आधी मी सायफरमध्ये, म्हणजे निओफोरजेला प्रश्न विचारायच्या भाषेत, एक छोटी क्वेरी चालवतोच, की कोणत्या दोन नोडमध्ये एकाच नावाच्या एकापेक्षा जास्त रेषा आहेत. तुम्ही ती आजच चालवा, जेवढ्या ओळी कमी भरल्या त्यांचा हिशोब तिथे लागेल.

आता खिशातलं सामान न्यायचं कसं. रस्ते चार आहेत, तुमच्यासाठी त्यातला एकच चांगला आहे, म्हणून बाकीचे भरभर सांगतो. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ मध्ये आरडीएफची पहिली शिफारस काढली तेव्हापासूनचा रस्ता म्हणजे रीफिकेशन, वाक्याबद्दल वाक्य लिहिणं. ‘हे एक विधान आहे, याचा कर्ता हा, क्रियापद हे, कर्म हे’ अशी चार ट्रिपल एकेका रेषेमागे लिहायची आणि मग त्या विधानाला तारीख चिकटवायची. चालतं, पण फाइल फुगते आणि क्वेरी लिहिणारा वैतागतो. दुसरा रस्ता नेम्ड ग्राफचा, वाक्यांचा गठ्ठा बांधून गठ्ठ्याला नाव द्यायचं. ‘ही सगळी माहिती अमक्या सर्वेक्षणातून आली’ हे सांगायला तो उत्तम, पण एकेका रेषेला एकेक गठ्ठा करणं म्हणजे एकेका संत्र्याला एकेक पेटी. तिसरा आरडीएफ-स्टार, ही कल्पना ओलाफ हार्टिग आणि ब्रायन थॉम्पसन यांनी २०१४ मध्ये मांडली, यात आख्खं ट्रिपल उचलून दुसऱ्या ट्रिपलच्या कर्त्याच्या खुर्चीवर बसवता येतं. निओफोरजेचं निओसिमँटिक्स नावाचं प्लगइन रेषेवरच्या प्रॉपर्टी याच पद्धतीने बाहेर काढतं, आणि फाइल इतकी सुटसुटीत दिसते की कोणालाही हेच बरं वाटावं. पण तुमच्या दोनदा मोजलेल्या विहिरीचं काय होतं बघा. ट्रिपल एकच, आणि त्या एकाच ट्रिपलला आता दोन तारखा लागल्या आणि दोन मीटरचे आकडे लागले. मेमध्ये किती आणि ऑक्टोबरमध्ये किती? फाइल सांगूच शकत नाही. तारीख हरवण्यापेक्षा हे वाईट, कारण सगळं आल्यासारखं दिसतं.

म्हणून चौथा रस्ता, रेषेचाच नोड करायचा.

कोणत्या रेषेचा नोड करायचा हे ओळखायला मी आपल्या भाषेलाच विचारतो. त्या नात्याला मराठीत स्वतःचं नाम आहे का? ‘अमक्याने तमकीशी लग्न केलं’ ही रेषा, पण लग्न हा शब्द आपल्याकडे उभाच आहे, लग्नाला तारीख असते, गाव असतं, साक्षीदार असतात. बदली, खरेदीखत, कर्ज, मोजणी, सगळे असेच. आणि वरचं नद्यांचं उदाहरण तर सगळ्यात सुंदर, ‘कन्हान मिळते वैनगंगेला’ या रेषेला आपण कधीपासूनच संगम म्हणतो, अंभोऱ्याला लोक संगमावर जातात, क्रियापदावर कोणी जात नाही. ज्या नात्याला लोकांनी नाव दिलंय त्या नात्यावर त्यांना काहीतरी सांगायचं असतं, आणि जिथे सांगायचंय तिथे नोड लागतो. याच्या उलट ‘विहीर आहे उमरेड तालुक्यात’ याला नाम शोधून सापडत नाही, त्या रेषेच्या खिशात पण काही नाही, ती आहे तशी सरळ ट्रिपल करून टाका.

तेव्हा तुमची ‘मोजली’ ही रेषा काढा आणि प्रत्येक मोजणीचा एक नोड करा. आणि इथे एक आनंदाची गोष्ट, यासाठी शब्द तुम्हाला बनवायचे नाहीत. डब्ल्यूथ्रीसी आणि भौगोलिक माहितीचे नियम ठरवणारी ओजीसी यांनी मिळून २०१७ मध्ये निरीक्षणांसाठी शब्दसंग्रह काढलाय, त्यातला सोसा नावाचा छोटा भाग तुम्हाला पुरतो. प्रत्येक मोजणी हे एक ऑब्झर्व्हेशन. ते कशाचं, तर विहीर सतराचं. काय बघितलं, तर जमिनीपासून पाण्याची खोली. केव्हा, तर बारा मे. किती, तर ९.६. कोणत्या पद्धतीने, तर टेपने. आणि कोणी, यासाठी तिथला शब्द सेन्सर आहे, तो वाचून दचकू नका, सोसाच्या व्याख्येत सेन्सर म्हणजे यंत्र, सॉफ्टवेअर किंवा माणूससुद्धा, असं स्वच्छ लिहिलंय. तुमची ताई भर उन्हात विहिरीत टेप सोडते ती या व्याख्येत बसते. ऑक्टोबरची मोजणी हे दुसरं ऑब्झर्व्हेशन, त्याची तारीख त्याच्यापाशी, ३.२ त्याच्यापाशी, एकमेकांत मिसळायचा प्रश्नच नाही. फक्त नुसतं ९.६ लिहून मोकळे होऊ नका, ते मीटर आहेत हे ‘पाण्याची खोली’च्या व्याख्येत तरी लिहाच, कारण जुन्या नोंदी फुटात असतात आणि मॅडमकडे दोन्ही एकत्र येणार.

एक शंका तुम्हाला येईल की मग ‘ही विहीर कोणी कोणी मोजली’ एवढं साधं विचारायला पण मधल्या नोडवरून जायचं का. तर दोन्ही ठेवा. विकिपीडियाचा भाऊबंद असलेला खुला डेटासंग्रह विकिडेटा हेच करतो, त्यांच्या आरडीएफमध्ये एकाच माहितीची सरळ ओळ पण असते आणि शेजारी सविस्तर विधानाचा नोड पण असतो, ज्याच्यावर साल, संदर्भ वगैरे लटकवलेलं असतं. शहराची लोकसंख्या हवी तर सरळ ओळ वाचा, कोणत्या सालची ते हवं तर आत शिरा. तुम्ही पण ‘ताईंनी मोजली विहीर सतरा’ ही सरळ ओळ ठेवा, ती एकदाच येते म्हणून आता बिघडत नाही, मोजण्यांची संख्या मात्र नेहमी ऑब्झर्व्हेशनवरूनच काढा.

प्रश्न : आमच्या वाचनालयात विदर्भातल्या जुन्या नियतकालिकांची सूची आहे, लेखक, लेख, अंक, छापखाना असे नोड. मागच्या वर्षी ती कोडची एक लायब्ररी वापरून आरडीएफमध्ये काढली, प्रत्येक लेखकाला एक वेब पत्ता मिळाला आणि पत्त्याच्या शेवटी निओफोरजेचा आतला आयडी. दुसऱ्या एका संग्रहाने त्यांच्या सूचीतून आमच्या पत्त्यांना लिंक पण दिल्या. मग आम्ही डेटाबेस नव्या मशीनवर हलवला, परत एक्सपोर्ट केला, तर जिथे एक कवी होता त्या पत्त्यावर आता छापखाना येतो. यापुढे आयडी नको, सरळ मराठी नावच पत्त्यात टाकावं असं ठरवतोय. बरोबर राहील का? — एक ग्रंथपाल, महाल, नागपूर

उत्तर : ताई, आयडी नको हे अगदी बरोबर. निओफोरजेचा आतला आयडी हा डेटाबेसच्या स्वतःच्या सोयीसाठी असतो, एखादा नोड काढून टाकला तर तोच आकडा उद्या नव्या नोडला मिळू शकतो, आणि पाचव्या आवृत्तीपासून जो एलिमेंट आयडी आला त्याच्यावर पण बाहेरच्या कामासाठी विसंबू नये असंच त्यांचं सांगणं आहे. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये लिंक्ड डेटाचे चार नियम लिहिले त्यातला पहिलाच हा, की गोष्टींना नाव म्हणून वेब पत्ता द्या. नाव! नाव म्हणजे मशीन बदललं म्हणून बदलणारी गोष्ट नाही. आपण घर बदललं तर आपलं नाव बदलतं का?

पण मराठी नाव पत्त्यात टाकायच्या आधी जरा थांबा. नियमाने हरकत नाही, २००५ पासून देवनागरीतले पत्ते, ज्यांना आयआरआय म्हणतात, ते मान्य आहेत आणि आरडीएफ पण ते घेतं. अडचण वापरात येते. ‘नागपूर’ हा शब्द घ्या. न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र, अशी संगणकाच्या हिशोबाने सहा चिन्हं. प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्ता कॉपी करताना बऱ्याचदा एकेक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे सहा चिन्हांची चौपन्न अक्षरं. लेखकाचं पूर्ण नाव टाकलं की तो पत्ता छापता येत नाही, फोनवर सांगता येत नाही, आणि गंमत म्हणजे वाचताही येत नाही, ज्यासाठी तुम्ही मराठी ठेवत होता तेच हातातून गेलं.

त्याहून मोठी अडचण आपल्याच भागाच्या नावात आहे. ‘वऱ्हाड’ टाइप करून बघा. त्यातला तो अर्धा र, डोळ्याच्या पापणीसारखा, तो आत तीन तऱ्हांनी येऊ शकतो. कोणाच्या कीबोर्डवरून खाली नुक्ता असलेला स्वतंत्र ऱ आणि हलंत असा येतो, कुठे साधा र, वेगळा नुक्ता आणि हलंत असा येतो, आणि कुठे साधा र, हलंत आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह असा येतो. पडद्यावर तिन्ही वऱ्हाड सारखेच, तुम्ही दिवसभर बघत बसलात तरी फरक कळणार नाही, पण आरडीएफमध्ये पत्ते अक्षराला अक्षर जुळवून बघतात, म्हणून ते तीन वेगळे वऱ्हाड. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे अशी अक्षरं एकसारखी करायची पद्धत, चालवलं तर पहिले दोन एक होतात, तिसरा तरी वेगळाच राहतो, तो शोधून स्वतः बदलावा लागतो. तुमच्या सूचीत गोऱ्हे, कऱ्हाडे, वऱ्हाडपांडे अशी आडनावं नक्की असतील, तेव्हा हे काम लेबलसाठी, म्हणजे माणसाला वाचायच्या नावासाठी, तरी करायलाच हवं, नाहीतर एकच लेखक तीन जागी निघेल.

म्हणून पत्त्यात काहीच अर्थ नसलेली किल्ली ठेवा, ‘लेखक’ आणि पुढे तुमच्या दाखल नोंदवहीसारखा एक क्रमांक. तो एकदा दिला की कायमचा, नोडवर प्रॉपर्टी म्हणून साठवा म्हणजे डेटाबेस कुठेही हलवला तरी सोबत येईल, लेखक दोनदा नोंदला गेलाय असं नंतर कळलं तर एक क्रमांक बंद करा पण दुसऱ्या कोणाला देऊ नका. तुम्ही लोक पुस्तकांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं करत आलात, दाखल क्रमांक फाटलेल्या पुस्तकाचा सुद्धा दुसऱ्याला देत नाही, तेच इथे. मराठी नाव लेबलमध्ये जाईल आणि तिथे भाषेची खूण लावा. ‘नागपूर’ला मराठीची, ‘नागपुर’ला हिंदीची, दोन्ही एकाच गोष्टीची लेबलं म्हणून शेजारी शेजारी राहतात, शुद्धलेखनाचं भांडण मिटलं. टोपणनावं, जुनी स्पेलिंगं स्कॉस या शब्दसंग्रहातल्या ऑल्टलेबलमध्ये, म्हणजे पर्यायी नावात, टाका. एक लक्षात असू द्या, स्पार्कलमध्ये, म्हणजे आरडीएफला प्रश्न विचारायच्या भाषेत, शोधताना खूण लावलेलं ‘नागपूर’ आणि बिनखुणेचं ‘नागपूर’ हे दोन वेगळे धरले जातात, म्हणून सगळीकडे लावा नाहीतर कुठेच लावू नका. लावाच.

आणि त्या दुसऱ्या संग्रहाला उघड कळवा. तुमच्याकडे मागच्या वर्षीची फाइल असेल, त्यावरून कोणता जुना पत्ता कोणत्या लेखकाचा होता याचा तक्ता तयार होतो, तो त्यांना पाठवा, आणि जुने पत्ते चुकीचं दाखवण्यापेक्षा नव्या पत्त्याकडे वळवा.

प्रश्न : सर, मी हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट म्हणून निओफोरजे ते आरडीएफ घेतलंय. निओसिमँटिक्स घेऊ, आरडीएफलिब घेऊ, की आरडीएफलिब-निओफोरजे नावाचं एक आहे ते? गाइड म्हणतात जावामध्ये कर. — एक विद्यार्थिनी

उत्तर : नावावरून तिसरं तुझ्यासाठीच बनवल्यासारखं वाटतं ना, पण ते उलट्या दिशेचं आहे, आरडीएफ वाचून निओफोरजेमध्ये भरायचं काम ते करतं. ते बाजूला ठेव. निओसिमँटिक्स डेटाबेसच्या आत बसतं, त्याची आवृत्ती निओफोरजेच्या आवृत्तीशी जुळावी लागते, आणि त्यात नोडच्या कोणत्या प्रकाराला (निओफोरजे त्यालाही लेबल म्हणतं) कोणता जगन्मान्य शब्द वापरायचा याचं मॅपिंग देता येतं. पटकन काहीतरी बाहेर काढून बघायला छान. पण वरचं विहिरीचं उत्तर वाचलं असशील तर कळेल की खरी मेहनत रेषेचा नोड करण्यात आणि किल्ल्या ठरवण्यात आहे, आणि ते हाताने लिहिलेल्या कोडमध्येच मनासारखं होतं, म्हणून प्रोजेक्टसाठी आरडीएफलिब घे. जावा येत असेल तर अपाची जेना किंवा आरडीएफफोरजे दोन्ही भक्कम आहेत, गाइडचं ऐकायला हरकत नाही, विचार सगळीकडे तोच लागतो.

आरडीएफलिबमध्ये तीन ठिकाणी जप. पायथनची तारीख दिली तर ती तारीख म्हणून जाते, पण निओफोरजेचा ड्रायव्हर जी तारीख देतो ती त्याची स्वतःच्या प्रकारची असते, ती तशीच लिटरलमध्ये, म्हणजे आरडीएफमधल्या साध्या किमतीत, टाकली तर साधी अक्षरं होऊन बसते आणि मग ‘२०२० नंतरच्या नोंदी’ विचारलं की रिकामं उत्तर येतं, म्हणून आधी टू-नेटिव्ह वापरून तिची पायथनची तारीख करून घे. दुसरं, निओफोरजेमध्ये एखाद्या प्रॉपर्टीत यादी असेल तर तिला क्रम असतो, आरडीएफमध्ये तीच यादी वेगवेगळी ट्रिपल होऊन पडते आणि क्रम जातो, लेखकांचा पहिला-दुसरा क्रम महत्त्वाचा असेल तर तो वेगळा लिहावा लागेल. तिसरं, नसलेली किंमत नसू दे, तिथे रिकामी अक्षरं टाकू नकोस. डेटा मोठा असेल तर सगळा ग्राफ मेमरीत बांधून टर्टल या फाइल-प्रकारात लिहिण्यापेक्षा एन-ट्रिपल्स हा प्रकार बरा, एका ओळीत एक ट्रिपल, जसजसं निघेल तसतसं लिहीत जायचं. आणि शेवटी शॅकल वापरून तपासणी लाव, २०१७ ची डब्ल्यूथ्रीसीची शिफारस आहे, ‘प्रत्येक ऑब्झर्व्हेशनला नेमकी एक तारीख हवी’ असे नियम त्यात लिहिता येतात. परीक्षकांना ते दाखव, त्यांना कामाचं वजन कळेल.

प्रश्न : आमची काटोल भागातली शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी आहे, संत्र्याची. कोणाची बाग, कोणत्या बहाराचा माल, कळमन्याच्या बाजारात कोणत्या दिवशी गेला, हे सगळं एका मुलाने ग्राफमध्ये लावून दिलं. आता बाहेरचे खरेदीदार विचारतात की माल कुठून आला ते लिंक्ड डेटामध्ये देता का. मुलाने लायब्ररीने फाइल काढली, त्यात आमच्या संत्र्याला बाहेरच्या शब्दकोशातल्या ‘ऑरेंज’शी सेम-अ‍ॅज म्हणून जोडलं. चालेल ना? — एक बागायतदार, काटोल

उत्तर : दादा, नाही चालणार, आणि बरं झालं आधी विचारलं.

आपलं नागपुरी संत्रं इंग्रजीत ऑरेंज म्हणून ओळखलं जातं, शहराला पण ऑरेंज सिटी म्हणतात, पण वनस्पतिशास्त्रात ते मँडरिन, सिट्रस रेटिक्युलाटा. बाहेरच्या शब्दसंग्रहांत ‘ऑरेंज’ म्हणून जे सापडतं ते बहुतेक वेळा स्वीट ऑरेंज असतं, सिट्रस सायनेन्सिस, म्हणजे आपली मोसंबी ज्या जातीत येते ती. आणि सेम-अ‍ॅज हा साधा ‘सारखं आहे’ असा शब्द नाही. त्याचा अर्थ ‘ही दोन नावं एकाच वस्तूची’, मग एकाबद्दल जे जे खरं ते सगळं दुसऱ्याबद्दल खरं धरलं जातं. तुमच्या संत्र्याला मोसंबीचे रोग, मोसंबीची साल, मोसंबीचा हंगाम चिकटणार, आणि कोणाच्या तरी संगणकावर काटोलचं संत्रं मोसंबी होऊन बसणार. ज्या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्या नावाचं असं व्हायला नको. मँडरिनची संकल्पना शोधा आणि ‘नागपूर संत्रं’ हे तिच्या पोटातलं, अशा अर्थाने स्कॉसचं ब्रॉड-मॅच लावा. जिथे जवळपास जुळतं पण खात्री नाही तिथे क्लोज-मॅच. सेम-अ‍ॅज तेव्हाच, जेव्हा एकाचा सातबारा दुसऱ्याचाही सातबारा आहे अशी खात्री असेल.

बहाराचं सांगतो. मुलाने बहार रेषेवर लिहिला असेल, ‘बाग पुरवते माल’ आणि खिशात ‘मृग’ किंवा ‘अंबिया’. वरच्या विहिरीसारखंच, एकाच बागेने दोन्ही बहार दिले तर दोन ओळींची एक होईल, म्हणून प्रत्येक तोडीचा एक नोड करा, तोड हा शब्द तुमच्याकडे आहेच. बहाराला पण साधं लेबल न ठेवता स्वतःचा नोड द्या आणि त्यात समजावून लिहा की अंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृगाची जून-जुलैमध्ये पाऊस लागल्यावर, कारण बाहेरच्या खरेदीदाराला हे दोन शब्द माहीत नाहीत आणि भाषांतर करून सांगता येत नाहीत, शब्द तसेच ठेवून अर्थ सोबत दिला की झालं. तुमच्या डेटातली सगळ्यात मोलाची माहिती तीच आहे असं मला वाटतं, बाजारभाव कोणीही देतो.

राहिली एक गोष्ट, तुम्ही विचारली नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्राफमध्ये शेतकऱ्याच्या नोडवर काय काय असतं? नाव, मोबाईल, बँक खातं, कदाचित आधार. लायब्ररीला तुम्ही ‘सगळं काढ’ म्हटलं तर ती सगळंच काढते, एकेका प्रॉपर्टीचं एकेक ट्रिपल, तिला काय कळणार कोणतं घरातलं आणि कोणतं बाहेरचं. आणि लिंक्ड डेटा एकदा बाहेर गेला, दुसऱ्यांनी उतरवून घेतला, की परत बोलावता येत नाही. म्हणून मुलाला सांगा की काय वगळायचं याची यादी करू नको, काय द्यायचं याचीच यादी कर, आणि तेवढंच स्क्रिप्टमध्ये घाल. शेतकऱ्याच्या नावाऐवजी बागेची किल्ली द्या, गाव आणि तालुका द्या, खरेदीदाराला माग काढायला तेवढं पुरतं. सभासदांना विचारून, त्यांच्या सहीने, मगच पुढचं काय ते.

फाइल तयार झाली की पाठवायच्या आधी साध्या एडिटरमध्ये उघडा आणि त्यात तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर शोधा. सापडला तर ती फाइल तिथेच पुसा आणि मुलाला परत बसवा.